गाव तेच, जिल्हा निराळा : आदिलाबादच्या विभागणीचा अभ्यास

आपल्या गावाचा पत्ता लिहिताना आपण गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा चढत्या क्रमाने जातो. यांपैकी गाव तेवढे जागच्या जागी असते. पुढची तिन्ही नावे शासनाने दिलेली असतात आणि शासनाला ती बदलता येतात. पैनगंगा, वर्धा व गोदावरी या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात ती गेल्या दीडशे वर्षांत वारंवार बदलली आहेत. राजुरा परिसरातील एखादे खेडे घ्यावे. १९०५ पूर्वी ते सिरपूर-तांडूर उपजिल्ह्यात होते, पुढे १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात, त्यानंतर सुमारे तीन वर्षे नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ पासून तेव्हाच्या चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यात. राज्येही तीन झाली : हैदराबाद, द्वैभाषिक मुंबई आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. अशा घरातील आजोबांचा, वडिलांचा व मुलाचा दाखला शेजारी शेजारी मांडला, तर ही तीन निरनिराळ्या मुलखांतील माणसे आहेत असे अपरिचितास वाटावे. वारसाची नोंद किंवा जातीचा दाखला मागणाऱ्याचा अर्ज पुष्कळदा येथेच अडतो. म्हणून ही विभागणी कशी झाली, याची माहिती शिक्षकांना, ग्रामपातळीवरील सेवकांना आणि स्वतः शेतकऱ्यांनाही असणे इष्ट आहे.

जिल्हा कसा घडला

निजामाच्या राज्यात सालारजंग पहिला याने १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. त्यापूर्वी महसूल मक्तेदारांमार्फत गोळा होत असे. जिल्हाबंदीने पगारी अधिकारी नेमले गेले. जुनी कागदपत्रे वाचणाऱ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हैदराबाद संस्थानात 'अव्वल तालुकदार' हा तालुक्याचा अधिकारी नव्हे, तर जिल्ह्याचा मुख्य अधिकारी, म्हणजे आपल्या कलेक्टरच्या जागी असे; तालुक्याचा कारभार तहसीलदाराकडे असे. नावावरून फसगत होण्याजोगा हा शब्द आहे.

या व्यवस्थेत १८७२ मध्ये आदिलाबाद, राजुरा व सिरपूर हे तालुके मिळून सिरपूर-तांडूर हा उपजिल्हा झाला. मुलूख डोंगराळ, दाट अरण्याचा आणि विरळ वस्तीचा असल्यामुळे त्यास पूर्ण जिल्ह्याचा दर्जा नव्हता. तो १९०५ मध्ये मिळाला. त्यासाठी निर्मल व नरसापूर हे तालुके इंदूरकडून, म्हणजे निजामाबादकडून, आणि चेन्नूर व लक्षेट्टीपेठ हे एलगंदलकडून, म्हणजे करीमनगरकडून घेऊन जोडण्यात आले. आदिलाबादचे जुने नाव एदलाबाद. विजापूरच्या आदिलशाहीवरून ते पडले असे सांगतात. (जळगाव जिल्ह्यातील आताच्या मुक्ताईनगरचे जुने नावही एदलाबादच होते. जुन्या कागदात हे नाव दिसताच कोणत्या एदलाबादचा उल्लेख आहे, हे पाहून घ्यावे.)

अशा रीतीने जोडून केलेल्या या जिल्ह्यात गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगू, उर्दू व बंजारा बोली यांचा वावर होता. मारलवाई येथे १९४३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेंडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड मुलांच्या शिक्षणाची योजना सुरू झाली. तेव्हा गोंडीची पाठ्यपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. त्या लिपीची ओळख या भागात मराठीमुळे आधीच होती.

१९५६ : जिल्हा नव्हे, सर्कल

राज्य पुनर्रचना आयोग १९५३ मध्ये नेमला गेला, त्याचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसूरमध्ये आणि तेलंगण आंध्र प्रदेशात, इतके आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात रेषा इतकी ढोबळ नव्हती. जिल्हे अखंड वाटले गेले नाहीत. जेथे भाषा मिसळलेल्या होत्या तेथे तालुका, आणि तालुकाही एकजिनसी नसेल तेथे महसुली सर्कल हे विभागणीचे एकक धरले गेले.

आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशास मिळाला. त्यातून किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल वगळून मुंबई राज्यास देण्यात आले. श्रीरेणुकेचे माहूर हे किनवटबरोबरच गेले. उलट बाजूने नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही तीन सर्कले आंध्र प्रदेशात येऊन आदिलाबाद जिल्ह्यास जोडली गेली. अक्षरारंभासाठी मराठी कुटुंबे आजही ज्या बासरच्या सरस्वतीकडे जातात, ते क्षेत्र याच मुधोळ भागात, गोदावरीच्या काठी आहे. म्हणजे नांदेडने मुधोळ दिले आणि किनवट घेतले असा हा फेरबदल झाला. तोही गावकऱ्यांना विचारून गावनिहाय झाला नाही, सर्कलनिहाय झाला. एका सर्कलात काही डझन गावे असत आणि ती सर्व एकाच भाषेची असतील असा नियम नव्हता. सीमेच्या दोन्ही अंगांना दुसऱ्या भाषेची गावे राहून गेली, याचे मुख्य कारण हे एकक होय.

नकाशा पाहिला म्हणजे आणखी एक गोष्ट उमजते. उत्तरेस पैनगंगा आणि पूर्वेस वर्धा व प्राणहिता हीच या जिल्ह्याची नैसर्गिक सीमा होती. १९५६ मध्ये वायव्येकडील किनवट व ईशान्येकडील राजुरा ही दोन टोके कापली गेली, तेव्हा तेथील सीमा नदी सोडून डोंगरात शिरली. नदीची सीमा पावसाळ्यातही सर्वांना दिसते. डोंगरावरची सीमा कागदात असते. पुढील वादाचे मूळ येथे आहे.

राजुरा तालुका प्रथम नांदेडला जोडला होता. नांदेडहून तो फार दूर, मध्ये दुसऱ्या राज्याचा मुलूख, आणि वर्धा नदी ओलांडली की बल्लारपूर व चांदा हाकेच्या अंतरावर. १९५९ मध्ये तो चांद्यास जोडण्यात आला. आधी तेलंगणाशी निगडित असलेला हा तालुका अशा रीतीने मराठवाड्यातून विदर्भात गेला. तथापि सीमा बदलली म्हणून कायदा आपोआप बदलत नाही. राज्य पुनर्रचना कायद्यातच तशी तरतूद होती. त्यामुळे विदर्भात असूनही राजुरा भागात कुळांच्या बाबतीत मराठवाड्याप्रमाणे हैदराबादचा १९५० चा कुळकायदा लागू राहिला.

राज्य आणि प्रदेश

येथे 'राज्य' आणि 'प्रदेश' यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये आलेल्या इयत्ता दहावीच्या भूगोलात भारत व ब्राझील यांची तुलना आहे, तिचा उपयोग शिक्षकांना करता येईल. ब्राझीलमध्ये २६ राज्ये व एक संघीय जिल्हा आहे. ती उत्तर, ईशान्य, आग्नेय, दक्षिण व मध्य-पश्चिम अशा पाच प्रदेशांत गणली जातात. राज्याला गव्हर्नर व विधानसभा असते. प्रदेशाला यांपैकी काहीच नसते. तो सांख्यिकी व नियोजनाच्या सोयीसाठी पाडलेला गट होय. १९८८ च्या संविधानाने गोयास राज्याचा उत्तर भाग तोडून तोकांतिन्स हे राज्य निर्माण झाले. त्याबरोबर तो भाग मध्य-पश्चिम प्रदेशातून उत्तर प्रदेशात, म्हणजे उत्तरेकडील प्रदेशात, मोजला जाऊ लागला. जमीन तीच, राज्य नवे, प्रदेश निराळा. राजुऱ्याची गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली की हे लगेच समजते. मात्र एक फरक आहे. ब्राझीलमध्ये राज्याखाली थेट नगरपालिकेसारखी निर्वाचित 'म्युनिसिपिओ' असते व तिचा महापौर लोक निवडतात. आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा मधला अधिकारी तेथे नाही.

एक शब्द, दोन अर्थ

सीमेच्या दोन्ही बाजूंस कामे असणाऱ्यांना 'मंडळ' हा शब्द घोटाळ्यात पाडतो. आंध्र प्रदेशात १९८५ मध्ये जुने तालुके रद्द होऊन त्यांपेक्षा लहान 'मंडल' आले. आदिलाबाद जिल्ह्यात अशी ५२ मंडले होती. तेलंगणात आज मंडलाचा प्रमुख तहसीलदार असतो. महाराष्ट्रात तालुका कायम राहिला आणि तेथील महसूल मंडळ हे तालुक्याखालचे, मंडळ अधिकाऱ्याचे एकक आहे. केरामेरी मंडल लिहिले तर ते जिवती तालुक्याच्या जोडीचे एकक समजावे, जिवती तालुक्यातील एखाद्या महसूल मंडळाच्या जोडीचे नव्हे. अर्जात हा शब्द लिहिताना राज्याचे नाव लिहिण्यास विसरू नये.

२ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य स्थापन झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, तेथील १० जिल्ह्यांचे ३१ झाले. २०१९ मध्ये ते ३३ झाले. जुन्या आदिलाबादचे चार भाग पडले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. कोळसा खाणींचा पट्टा मंचेरियालकडे गेला. मुधोळ, भैंसा व बासर निर्मलमध्ये आले. मारलवाई, आणि कोमरम भीम यांनी ज्या जोडेघाटाच्या परिसरात निजामशाहीशी लढा देऊन १९४० मध्ये प्राण ठेवला तो भाग, आसिफाबाद जिल्ह्यात आहेत. केसलापूरचे नागोबा देवस्थान आदिलाबादकडेच राहिले. तेथील पुष्य अमावस्येच्या जत्रेस मेसराम कुळाचे गोंड महाराष्ट्रातूनही येतात. जत्रेच्या मार्गावर त्यांना जिल्ह्याची हद्द विचारावी लागत नाही. रेल्वेलाही ती लागत नाही : आदिलाबादहून हैदराबादेस गाडीने जाणारा प्रवासी प्रथम किनवट व मुदखेड या महाराष्ट्रातील स्थानकांवरून जातो.

वर्गात आकडे सांगताना सावधगिरी बाळगावी. २०११ च्या जनगणनेतील आदिलाबादची २७ लाखांवरची लोकसंख्या अविभक्त जिल्ह्याची आहे. आजच्या जिल्ह्याचा आकडा हवा असल्यास मंडलनिहाय बेरीज करावी लागते.

माणिकगड पहाडावरील गावे

राजुऱ्यातून पुढे कोरपना व जिवती हे तालुके झाले. जिवती आणि केरामेरी यांच्या दरम्यान पहाडावर परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा आदी चौदा गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगत आली आहेत. अनेक घरांत दोन्ही राज्यांची शिधापत्रिका व मतदार ओळखपत्रे आहेत, आणि दोन्ही सरकारांच्या शाळाही तेथे चालत आल्या आहेत. बाहेरच्यास ही चैन वाटते. परंतु जमिनीचा पट्टा कोणी द्यावा हे ठरत नाही तोवर शेत कसणाऱ्याच्या हाती खरा कागद येत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने ही गावे चंद्रपूर जिल्ह्यात समाविष्ट करण्याची भूमिका जुलै २०२५ मध्ये जाहीर केली.

सीमेचा परिणाम जातीच्या यादीवरही होतो. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगण भागातील लंबाडा समाज अनुसूचित जमातींत आला. तोच बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत आहे. एकाच तांड्यातील नातलगांपैकी कोणता दाखला कोणास मिळेल, हे १९५६ ची रेषा त्यांच्या कोणत्या अंगास पडली यावर अवलंबून राहते.

जुना कागद शोधताना

ज्यांना जुन्या नोंदी हव्या आहेत, त्यांनी प्रथम नोंदीचे साल ठरवावे आणि अर्जात आजच्या जिल्ह्याबरोबर त्या सालचा तालुका व जिल्हाही लिहावा. साल फसली असेल तर त्यात ५९० मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. फसली १३६४ म्हणजे १९५४-५५. हेच साल विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षीची खासरा पाहणी हैदराबाद राज्य एकत्र असताना झाली असल्यामुळे किनवट, राजुरा, मुधोळ व आदिलाबाद या चारही ठिकाणच्या जमिनींचा आधार एकाच पद्धतीचा आहे. निजामकालीन दप्तराचा मोठा भाग हैदराबाद येथील राज्य अभिलेखागारात आहे व त्यातील बरेच कागद उर्दूत आहेत, तेव्हा वाचणारा जाणकार बरोबर असावा. भैंशाच्या शेतकऱ्याने १९५६ पूर्वीची नोंद मागताना जिल्हा नांदेड, तालुका मुधोळ असे लिहावे. किनवटच्या शेतकऱ्याने जिल्हा आदिलाबाद लिहावे. आणि राजुऱ्याच्या शेतकऱ्याने १९५६ ते १९५९ या अवधीसाठी नांदेडचीही चौकशी करावी.