हक्क देणारा कोण?

अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचा पाया धर्मावर आहे की तत्त्वज्ञानावर? आपण तिचे दस्तऐवजच पाहू या.

४ जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणतो की सर्व माणसे समान निर्माण झाली असून जीवन, स्वातंत्र्य व सुखाचा शोध हे हक्क त्यांना निर्माणकर्त्याने दिले आहेत. तो लिहिणाऱ्या थॉमस जेफर्सन यांच्यावर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांचा प्रभाव होता. पण माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला, ही शिकवण आपल्याला उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात भेटते. राजाने दिलेले राजा काढून घेऊ शकतो. देवाने दिलेल्यावर कोणत्याही सरकारची मालकी नसते.

दुसरे मूळ आहे मानवी दुर्बलतेची जाणीव. माणसे देवदूत असती तर सरकार लागलेच नसते, असे जेम्स मॅडिसन यांनी १७८८ साली लिहिले. जॉन विदरस्पून हे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक प्रिन्स्टन येथे त्यांचे शिक्षक होते. माणूस मोहात पडतो, म्हणून सत्ता एका हाती नको. कायदेमंडळ, राष्ट्राध्यक्ष आणि न्यायालय यांनी एकमेकांवर अंकुश ठेवावा. सत्तेच्या या विभागणीचा विचार फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांनी मांडला होता.

मग १७८७ च्या संविधानाने सरकारी पदासाठी धर्माची अट का नाकारली? १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने राष्ट्रीय धर्म स्थापण्यास मनाई का केली? उत्तर मेरीलँडमध्ये सापडते. तिथे १७१८ पासून कॅथॉलिकांना मतदानाचा हक्क नव्हता. त्याच मेरीलँडचे चार्ल्स कॅरोल हे जाहीरनाम्यावर सही करणारे एकमेव कॅथॉलिक. सत्तेच्या हाती धर्म गेला की काय होते, हे त्यांच्या कुटुंबाने सोसले होते.

तरीही एक सत्य आपण झाकू नये. जेफर्सन आणि कॅरोल दोघेही गुलामांचे मालक होते. गुलामगिरी संविधानाने संपवली ती १८६५ साली. तत्त्व कागदावर येणे सोपे, अंतःकरणात उतरणे कठीण.

आपल्या ख्रिस्तसभेलाही वेळ लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क असल्याचे ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर केले. त्या दस्तऐवजाच्या घडणीत अमेरिकन येशूसंघीय फादर जॉन कोर्टनी मरे यांचा मोठा वाटा होता.

चिंतनासाठी : स्वतःसाठी मागितलेला हक्क आपण शेजाऱ्यालाही तितक्याच मोकळ्या मनाने देतो का?