अभ्यासपाठ : शेतातले खत आणि विहिरीतले पाणी



मराठवाड्याचे पाणी म्हटले की आपल्याला टंचाई आठवते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. या पाठात मात्र मला विहिरीत जे पाणी आहे, त्याविषयी लिहायचे आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालाने भूजलात नायट्रेट जास्त असलेले देशातील १५ जिल्हे दाखवले. त्यांत नांदेड आहे. गोंड, कोलाम आणि आंध कुटुंबांचे किनवट व माहूर तालुके याच जिल्ह्यातले.

नायट्रेट येते कोठून? ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. त्यातले निम्मेही बहुधा पिकाला लागत नाही. काही हवेत उडते, काही नायट्रेट होऊन पावसाबरोबर जमिनीत मुरते आणि विहिरीला मिळते. विहिरीजवळचा उकिरडा आणि शौचालयाचा खड्डाही त्यात भर घालतात. स्फुरदाची वाट निराळी. ते मातीला चिकटते आणि मातीबरोबर नाल्यातून तलावात जाते. मग तेथे शेवाळ व जलपर्णी माजते.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. त्याला रंग नाही, वास नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला अशा पाण्यात कालवलेले वरचे दूध दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. बाळ निळसर पडते, जिवावरही बेतू शकते. आई काळजीने पाणी उकळते. उकळल्याने जंतू मरतात, ती सवय ठेवावीच. पण नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. म्हणून इलाज शेतापासून सुरू करावा लागतो.

गावोगावच्या बैठकांत मी चार गोष्टी सांगतो :

१. माती तपासून गरजेपुरतेच खत द्यावे. लातूरकडचे मुख्य पीक सोयाबीन. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरतात. बियाण्याला रायझोबियम लावून पेरले, तर उभ्या पिकात युरिया फेकायची सहसा गरज नसते.
२. कपाशीला युरिया हप्त्यांनी, झाडाजवळ, मातीआड द्यावा. मोठ्या पावसाची चिन्हे दिसली तर थांबावे.
३. पेरणी उताराला आडवी करावी. बांधावर आणि नाल्याकाठी गवताचा पट्टा राखावा.
४. उकिरडा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला असावा.

यात शेतकऱ्याचे नुकसान नाही. वाहून जाणारे खत अनेकदा उधारीवर आणलेले असते.

गटात चर्चेसाठी

• आपल्या विहिरीतले नायट्रेट शेवटचे कधी तपासले? जल जीवन मिशनमध्ये पाणी तपासण्याचा संच वापरायला गावातील पाच महिलांना शिकवले जाते. आपल्या गावात त्या कोण आहेत?
• प्रमाण जास्त निघाले, तर तान्ह्या बाळांसाठी सुरक्षित पाणी कोठून आणायचे आणि ते कोण आणील?