‘उपचार’ शब्दाचे दोन अर्थ : वाच्यार्थ व लक्ष्यार्थ यांच्या अध्यापनाविषयी

‘उपचार’ हा शब्द आपण वैद्य दिवसातून कितीतरी वेळा उच्चारतो. चिकित्सा या अर्थाने तो इतका रुळला आहे की शास्त्रात त्यास दुसराही अर्थ आहे, याचे स्मरण राहत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, २१ व्या अध्यायात, पित्ताहून निराळा असा अग्नी शरीरात आहे की पित्त हाच अग्नी, असा प्रश्न उपस्थित केलेला आहे. आचार्यांचे उत्तर असे, की पित्ताखेरीज अन्य अग्नी उपलब्ध होत नाही. दहन, पचन इत्यादी कर्मे पित्तच करीत असल्याने त्यास अग्नीप्रमाणे मानून अंतराग्नी असा ‘उपचार’ केला जातो. येथे उपचार म्हणजे गौण प्रयोग, लाक्षणिक बोलणे. ग्रंथकाराने स्वतःच बजावून ठेवलेले असताना आजही जठराची आकृती काढून तिच्यात ज्योत रेखाटणारा विद्यार्थी आढळतो. त्यास हसण्याचे कारण नाही. त्यास शब्दाकडे पाहावयास कोणी शिकविलेले नसते.

प्रथम वर्षात पदार्थविज्ञानामध्ये शब्दप्रमाणाच्या अनुषंगाने अभिधा, लक्षणा व व्यंजना या शब्दशक्ती शिकविल्या जातात. उदाहरण ठरलेलेच : गंगेवर गवळीवाडा. प्रवाहावर वाडा असू शकत नाही, म्हणून ‘गंगा’ याचा अर्थ गंगेचा तीर. लक्षणेस तीन गोष्टी लागतात. प्रथम मुख्यार्थाचा बाध व्हावा, म्हणजे सरळ अर्थ त्या ठिकाणी जुळू नये. नवा अर्थ मुख्यार्थाशी संबंधित असावा. आणि तो घेण्यास रूढी अथवा काही प्रयोजन असावे. परीक्षेत यावर टीप येते, विद्यार्थी ती लिहितो आणि गंगेवरचा तो वाडा तेथेच सोडून रुग्णालयात जातो. अरुणदत्ताने अष्टांगहृदयावरील टीकेत ताच्छील्यादी १७ प्रकार सांगितले आहेत. एका वस्तूसाठी दुसरीचा शब्द का योजला जातो, हेच त्यांतील बहुतेक प्रकार उलगडतात. परंतु पाठांतरापलीकडे त्यांचा उपयोग होताना क्वचितच दिसतो.

द्रव्यनामे

औषधी दुकानदार बंधूंना हा विषय परका वाटू नये. गोजिव्हा, मूषाकर्णी, हंसपदी, मंडूकपर्णी, काकजंघा या नावांत कोणत्याही प्राण्याचा अवयव नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. येथे मुख्यार्थाचा बाध इतका स्पष्ट आहे की कोणी फसत नाही. अडचण पुढे आहे. उपमेवरून पडलेले नाव एकाच वनस्पतीस बसेल असे नसते. शंखासारखे फूल म्हणून शंखपुष्पी. पण या नावाने उत्तर भारतात एक वनस्पती घेतात, केरळात गोकर्ण घेतात, बंगालमध्ये तिसरीच. विष्णुक्रांताही कित्येक ठिकाणी याच नावाने खपते. नाव वर्णन करते, ओळख पटवीत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना वनौषधी उद्यानात नेतो तेव्हा नावाचा अर्थ सांगून झाल्यावर मी विचारतो, ‘हेच वर्णन आणखी कोणत्या झाडास लागू पडेल?’ दोन-तीन नावे तरी निघतातच.

रुग्णाची भाषा

ग्रंथांच्या भाषेपेक्षा रुग्णाची भाषा अधिक कठीण आहे, कारण तिच्यावर टीका लिहिलेली नाही. ‘तोंड आले’ म्हणजे मुखपाक, ‘डोळे आले’ म्हणजे अभिष्यंद, हे मराठी मुलांस सांगावे लागत नाही. पण ‘अंगावरून जाते’ असे एखादी भगिनी सांगते तेव्हा ते श्वेतप्रदर की रक्तप्रदर, हे विचारल्यावाचून कळत नाही. आणि विद्यार्थी संकोचाने विचारीत नाही. पोटात कावळे ओरडणे ही भूक, कावळा शिवणे हे रजोदर्शन, पक्षी एकच. ‘जीव घाबरतो’ यात कोणाची धडधड असते, कोणाची मळमळ, कोणाचा नुसता धसका.

याच्या उलट चूकही होते. पायांतून मुंग्या चालतात, असे सांगणाऱ्या मधुमेही वृद्धाचे वाक्य एका विद्यार्थ्याने ‘बोलण्याची पद्धत’ म्हणून सोडून दिले होते. मुंग्या खऱ्या नसल्या तरी संवेदना खरी असते, आणि मुंग्या फिरल्यासारखे वाटणे हे लक्षण शास्त्रानेही नोंदलेले आहे. लाक्षणिक वाक्य म्हणजे खोटे वाक्य नव्हे, हे मुद्दाम शिकवावे लागते.

‘औषध’

या सर्वांत आपल्या जिल्ह्यापुरता सर्वांत महत्त्वाचा शब्द कोणता, असे कोणी विचारल्यास मी ‘औषध’ हाच शब्द सांगेन. शेतकरी कीटकनाशकास औषध म्हणतो. पऱ्हाटीवर औषध मारतात, उंदराचे औषध आणतात, कृषी केंद्रात औषधाची उधारी असते. पिकाचा रोग जावा म्हणून दिलेले ते औषध, असा संबंध त्यामागे आहे. रूढी तर आहेच. डब्यावरील चौकटीत लाल रंग, कवटीचे चिन्ह व विष असा इशारा असतो. तो हातात धरणारा मात्र त्यास औषधच म्हणतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे, की युक्तीने योजलेले विषही औषध होते व अयुक्तीने दिलेले औषध विष होते. आपल्या शिवारात हे स्थित्यंतर केवळ नावाचे झाले आहे, गुणांचे नाही.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले, काहींच्या दृष्टीवरही परिणाम झाला. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, तोंडास फडके नाही, दोन-तीन कीटकनाशके एकत्र कालवलेली, अशी फवारणी तेव्हा चालली होती.

त्यानंतरच्या एका हंगामातील गोष्ट. माझ्या चिकित्सालयात आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्याने एका तरुण मजुराच्या केसपेपरवर लिहिले : औषध घेतल्यानंतर छर्दी, स्वेदप्रवृत्ती, भ्रम. त्याच्या मते पूर्वीच्या कोणा चिकित्सकाच्या औषधाचा हा अतियोग होता आणि तो शामक कल्पाचा विचार करीत बसला होता. रुग्णाच्या भावाचे शब्द होते, ‘औषध चढलं जी त्याले.’ मी विचारले, ‘कशाचं औषध?’ ‘पऱ्हाटीचं.’ बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकसलेल्या होत्या, तोंडातून लाळ येत होती, दंडाचे स्नायू फडफडत होते. कपडे काढून, अंग साबणाने धुवून त्यास तत्काळ शासकीय रुग्णालयात हलविले. तेथे अॅट्रोपिन मिळाले आणि तो वाचला. दोष विद्यार्थ्याचा म्हणता येईल, पण लक्षणा त्यास मीच शिकविली होती, आणि ती गंगेच्या तीरावर.

मुख्यार्थबाधाची कसोटी तेथे लावता आली असती. धडधाकट माणूस, आधी कोणतीही व्याधी नाही, थेट शेतातून आलेला. त्याने औषध कशासाठी घ्यावे? सरळ अर्थ जुळत नव्हता, एवढे जाणवले असते तरी पुरेसे होते. ‘औषध घेतले’ हेच शब्द नातेवाईक कधी कधी मान खाली घालून उच्चारतात. तेथे रूढीबरोबर प्रयोजनही असते, झाकण्याचे. अशा वेळी चारचौघांत उलटतपासणी करू नये. एकास बाजूला घेऊन डबा मागवावा आणि रुग्णास वांती करविण्याचा प्रयत्न न करता तो डबा सोबत देऊन रुग्णालयात पाठवावे.

तेव्हापासून माझ्याकडील केसपेपरवर पहिली ओळ रुग्णाच्या शब्दांसाठी राखीव असते, तो बोलला तशी, वऱ्हाडीसकट. संस्कृत संज्ञा दुसऱ्या ओळीवर, आणि तीही प्रश्न विचारून झाल्यावर. जुलै ते ऑक्टोबर या काळात ‘औषध’ हा शब्द आला की विद्यार्थ्याने त्याखाली रेघ ओढून तीन प्रश्न विचारावयाचे असतात : कशाचे, केव्हा, डबा कोठे आहे. दुकानदार बंधूंनीही या दिवसांत मळमळीची वा चक्करीची गोळी मागणाऱ्यास ती देण्यापूर्वी एवढे विचारावे, की फवारणीवरून आलात काय.