झोपलेल्या कुत्र्याचा श्वास मोजायला शिका

कुत्रा झोपला आहे, पण त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी भराभर वरखाली होते आहे. अशा वेळी घरात दोन मते पडतात. एक म्हणतो, स्वप्न पडले असेल, झोपू द्या. दुसरा म्हणतो, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. रात्री रिक्षा करून जायचे म्हणजे हातावर पोट असलेल्या घराचा दिवसाचा रोज जातो, आणि उशीर केला तर जनावर जाते. म्हणून कोणता श्वास सकाळपर्यंत थांबू शकतो आणि कोणता नाही, हे आपल्याला घरीच कळले पाहिजे. त्यासाठी एक घड्याळ पुरते.

मोजायची रीत सोपी आहे. कुत्रा शांत झोपलेला असताना दोन हात लांब बसा, अंगाला हात लावू नका. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास झाला. मोबाईलवर वेळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केले तरी चालते. निरोगी मोठ्या कुत्र्याचे झोपेतले श्वास मिनिटाला ३० च्या आत असतात, पुष्कळांचे २० च्या आसपास. लहान पिल्लांचे यापेक्षा जास्त असतात, त्याची काळजी नको. पाचवी-सहावीतल्या मुलाला हे काम द्यावे असे आम्ही सुचवतो. मुले ते आनंदाने करतात आणि वहीत तारखेसह आकडा लिहून ठेवतात.

आता स्वप्नाचे. कुत्र्यालाही माणसासारखी स्वप्नाची झोप लागते. त्या वेळी पापण्यांखाली डोळे फिरतात, मिशा थरथरतात, पाय धावल्यासारखे हलतात, मध्येच बारीक भुंकणे किंवा कुई-कुई ऐकू येते. श्वास भराभर चालतो, मध्येच अडखळतो. हे काही मिनिटांत आपोआप थांबते. तोवर मोजलेला आकडा धरू नका. शांत झाल्यावर पुन्हा मोजा. आणि मुलांना बजावून ठेवा, स्वप्नातल्या कुत्र्याला हलवून उठवायचे नाही. दचकून घरचा कुत्राही चावतो. उठवायचेच असेल तर लांबून नावाने हाक मारा. चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. हळद, मिरची, चुना काही भरू नका.

दुसरे कारण उकाडा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो थोडासा पंज्यांना. अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याखाली झोपलेला कुत्रा भराभर श्वास घेणारच. हवा दमट असली की जिभेवरचे पाणी लवकर सुकत नाही, त्यामुळे मुंबईच्या बाजूला त्याला जास्त त्रास होतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे तर विचारूच नका; ती जात आपल्या हवेसाठी नाहीच, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याला सावलीत, ओल्या फरशीवर आणा, पाणी ठेवा. अर्ध्या तासात श्वास खाली आला तर प्रश्न मिटला. पण तो लडखडत असेल, ओकत असेल किंवा धापा थांबतच नसतील तर तो उष्माघात समजा. अंगावर साधे पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच दवाखान्याकडे निघा.

खरी काळजी तिसऱ्या प्रकारची. गारव्यात, गाढ झोपेत, स्वप्न नसतानाही आकडा ३० च्या वर जातो, आणि दोन-तीन वेळा मोजला तरी वरच राहतो. म्हातारा कुत्रा असेल तर घरचे म्हणतात, वय झाले. वयाने चाल मंदावते, पण झोपेतला श्वास वाढत नाही. हृदय दुबळे झाले की फुप्फुसात पाणी साचू लागते, आणि त्याची पहिली खूण पुष्कळदा हा वाढलेला आकडाच असतो. खोकला आणि थकवा मागून दिसतात. वेळेत नेले तर डॉक्टर लघवीवाटे पाणी काढणारे औषध देतात. ते चालू असताना कुत्रा जास्त मुततो म्हणून औषध बंद करू नका आणि पाणीही तोडू नका.

आपल्या वस्त्यांत आणखी एक कारण नेहमीचे, गोचिडांचा ताप. गोचिडीतून रोगजंतू रक्तात जातात आणि रक्त कमी होते. रक्त कमी म्हणजे प्राणवायू वाहून नेणारे कमी, म्हणून श्वास भराभर. ओठ वर करून हिरड्या बघा. निरोगी हिरडी गुलाबी असते, ती पांढरट दिसली तर रक्त तपासून घ्या. लवकर सापडला तर हा आजार औषधाने बरा होतो. कानांच्या आत आणि बोटांच्या फटीत गोचीड शोधायची सवय ठेवा.

पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र सकाळची वाट पाहू नका: हिरड्या किंवा जीभ निळसर झाली, कुत्रा आडवा होतच नाही, मान ताणून, पुढचे पाय फाकवून बसून राहतो, श्वासाबरोबर पोट जोराने आत-बाहेर होते. अशा कुत्र्याचे तोंड दाबून धरू नका, पाणी किंवा दूध बळेच पाजू नका. घरातली पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेनची गोळी तर मुळीच नको. माणसाला सोसणारी ती गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतते.

दवाखान्यात जाताना मुलाची वही सोबत न्या. तिथल्या टेबलावर कुत्रा घाबरून धापा टाकतो, त्यामुळे डॉक्टरांना झोपेतला श्वास दिसूच शकत नाही. घरी झोपेत काढलेला एका मिनिटाचा मोबाईल व्हिडिओ त्यांना फार उपयोगी पडतो. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्रेही तपासतात. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊकच आहे. गल्लीतला कुत्रा कोणा एकाचा नसतो, म्हणून त्याचा आकडा कोण मोजणार आणि रिक्षाला पैसे कोण काढणार, हे शेजाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवावे.