रिचार्जचे दर एकदमच कसे वाढतात?

प्रश्न : जुलै २०२४मध्ये तिन्ही खासगी मोबाइल कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. हे आपसांत ठरवून होतं का? नसेल, तर एकालाही स्वस्त राहून गिऱ्हाईक ओढावंसं का वाटत नाही? (एक वाचक, कराड)

उत्तर : तारखा पाहिल्या तर शंका येणारच. जिओने २७ जूनला दरवाढ जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने. ३ आणि ४ जुलैला नवे दर लागूही झाले. पण एवढ्यावरून संगनमत सिद्ध होत नाही. २००२च्या स्पर्धा कायद्याने आपसांत भाव ठरवायला मनाई आहे, शेजाऱ्याकडे बघून आपला भाव ठरवायला नाही.

एसटी स्टँडसमोर वडापावच्या तीनच गाड्या आहेत असं समजा. एकाने पाटीवरचे १५ पुसून २० लिहिले, की बाकीच्यांना निरोप धाडावा लागत नाही. पाटी समोरच दिसते. दोघे मनाशी हिशेब करतात : आपण पंधरालाच राहिलो तर चार दिवस गर्दी होईल, मग तोही खाली उतरेल आणि तिघांचाही गल्ला घटेल. त्यापेक्षा वीस बरे. गाड्या तीस असत्या, तर कुणीतरी पंधरालाच विकत राहिला असता.

मग खासगी मोबाइल कंपन्या तीनच का उरल्या? २००९मध्ये परिस्थिती उलटी होती. कंपन्या ढीगभर होत्या. पाच सेकंद बोललात तरी मिनिटाचे पैसे कापले जात, म्हणून आपण ‘मिस कॉल’ द्यायचो. टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि नाइलाजाने बाकीच्यांनीही तोच रस्ता धरला.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ आली ती निराळा डाव घेऊन. तिने टू-जी, थ्री-जी उभारलंच नाही, थेट फोर-जी. त्यात बोलणंही डेटावरूनच जातं, म्हणून कॉल फुकट देणं तिला परवडलं. जुन्या कंपन्यांची मुख्य कमाई नेमकी त्या कॉलवर होती! शिवाय ३१ मार्च २०१७पर्यंत डेटाही फुकट. या धंद्यात टॉवर आणि स्पेक्ट्रमवर आधीच प्रचंड पैसा ओतावा लागतो. नंतर एक गिऱ्हाईक वाढलं तर खर्च जवळपास शून्य. त्यामुळे भाव पडतच जातात आणि ज्याचा खिसा खोल तोच टिकतो. रिलायन्स कम्युनिकेशन्सने कॉलसेवा बंद केली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलकडे गेला, ऑगस्ट २०१८मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. डिसेंबर २०१९मध्ये उरलेल्या तिघांनी चार दिवसांच्या आत दर वाढवले. स्वस्ताईच्या लढाईनेच महागाईची सोय करून ठेवली होती.

स्वस्त राहिलेली एक कंपनी होतीच : सरकारी बीएसएनएल. २०२४च्या दरवाढीनंतर काही महिने तिचे ग्राहक वाढलेही. पण तिचं फोर-जी रखडलेलं असल्याने बाकीच्यांना पाटी पुसावीशी वाटली नाही. नव्या खेळाडूचं म्हणाल, तर चौथी वडापावची गाडी शेगडी आणि कढईवर उभी राहते. चौथ्या मोबाइल कंपनीला आधी देशभर टॉवर उभारावे लागतात.