पुरुषांच्या अंगातल्या वाफा



उसाच्या नोंदी घेत फिरताना एक तक्रार आमच्या कानी वरचेवर येते. "साहेब, छातीतून एकदम वाफ चढते, कानशिलं तापतात, घाम सुटतो अन् थोड्या वेळात अंग गार." उन्हाळा म्हणावा तर पौषातही तेच. मग सब्जा, पन्हे नि खिशात कांदा, यातच महिने जातात.

आम्ही डॉक्टर नव्हे. पण चौकशी केली ती सांगतो. आधी थर्मामीटर लावावे. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हिवताप अजून आहे. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासावे. रात्री कपडे भिजतात, वजन घटते, खोकला दोन आठवडे हटत नाही, तर थुंकी तपासावी. क्षय असू शकतो.

ताप नसेल तर थायरॉईड वाढलेले असू शकते. त्यात हात कापतात, छाती धडधडते. मधुमेहाचे इन्शुलिन घेऊन जेवण लांबले तरी घाम फुटतो. तेव्हा लगेच साखर खावी.

एक कारण लोक लाजेने बोलत नाहीत. प्रोस्टेटच्या कर्करोगात पुरुषी हार्मोन थांबवणारी इंजेक्शने देतात. त्याने बायकांना पाळी जाताना येतात तशाच वाफा पुष्कळ पुरुषांना येतात. म्हणून इंजेक्शन परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे, वाफांवरही औषध मिळते.

आणि फवारणीनंतर घाम, लाळ, अंधारी आली तर ती उष्णता नव्हे, विषबाधा. 2017 साली शेजारच्या यवतमाळात फवारणीने माणसे दगावली. अंगावरचे कपडे काढून साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.