सदोष एअर ब्रेक : परत बोलावलेली मालमोटार आणि तिचा आजचा मालक

संकेश्वरहून निपाणीकडे येताना पुणे-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्ग तवंदी घाटातून उतरतो. मालाने भरलेली मालमोटार या उतारावर दाबाखालील हवेवर विसंबून असते. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो. चालकाने पाय दाबताच ती हवा झडपेतून चाकाजवळच्या चेंबरमध्ये शिरते, तेथील रबरी पडदा दांडा पुढे ढकलतो आणि ब्रेक लागतो.

झडपेचे रबर किंवा चेंबरचा पडदा कारखान्यातूनच सदोष आला असेल, तर सपाट रस्त्यावर ते सहसा ध्यानात येत नाही. उतारावर ब्रेक पुनःपुन्हा लावावा लागतो. गळणारी हवा कॉम्प्रेसर तितक्या त्वरेने भरून काढू शकत नाही आणि दाब घटतो. दाब फारच खाली गेल्यास स्प्रिंगचा ब्रेक आपोआप लागावा अशी योजना असते खरी. परंतु तो अखेरचा आधार होय, नित्याचा ब्रेक नव्हे. शिवाय असा सुटा भाग एकाच गाडीत नसतो. त्याच घडणीच्या अनेक गाड्यांत तो बसविलेला असतो.

अमेरिकेत अशी वाहने परत बोलावण्याची तरतूद १९६६ च्या कायद्याने झाली. भारतात वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने तशी संहिता स्वीकारली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले व त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. दोष सुट्या भागात असेल, तर तो भाग असलेली सर्व वाहने, मग ती कोणत्याही बनावटीची असोत, परत बोलावण्याचा आदेश केंद्र शासन देऊ शकते. दुरुस्तीचा खर्च उत्पादकाचा. मात्र हे नियम सात वर्षांच्या आतील वाहनांपुरतेच आहेत.

खरी अडचण पत्त्याची आहे. उत्पादकाची सूचना त्याच्या दप्तरी नोंद असलेल्या मालकाकडे जाते, आणि तो बहुधा पहिला खरेदीदार असतो. सीमाभागात तर मालमोटारी हातोहात बदलतात. कोल्हापूरची गाडी निपाणीस येते, चिकोडीची कागलला जाते. व्यवहार कधी नुसत्या कागदावर होतो, नाव मात्र जुन्याच धन्याचे राहते. सूचना गेली, पोचली, पण ज्याची गाडी घाट उतरते त्याला तिचा पत्ताच नाही, असे यातून घडते.

म्हणून जुनी मालमोटार घेणाऱ्याने नाव-बदलाची नोंद मुदतीत करावी. खरेदीदारास ती तीस दिवसांत करावयाची असते. नंतर चॅसी क्रमांक घेऊन अधिकृत विक्रेत्याकडे जावे व या गाडीसाठी परत बोलावण्याची सूचना निघाली आहे काय, असे स्पष्ट विचारावे. गाडी दुसऱ्या राज्यात विकली गेली असली तरी क्रमांक तोच राहतो. टाकी भरून इंजिन बंद केल्यावर दाबाचा काटा भराभर उतरत असेल, तर रस्त्याकडेच्या गॅरेजात पडदा बदलून गप्प बसू नये. काढलेला भाग जपून ठेवावा आणि विक्रेत्याकडे लेखी तक्रार द्यावी. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. पुरेशा मालकांनी ती नोंदविल्यास चौकशीला चालना मिळते.

बदललेल्या भागाची पावती चॅसी क्रमांकासह घ्यावी. गाडी पुन्हा विकताना ती नोंदणीपुस्तकासोबत पुढील मालकाच्या हाती जावी.